विंडोज ११ चा मॅग्निफायर आणि स्केल: एका मुद्रितशोधिकेचा अभिप्राय

मॅग्निफायरबद्दल, म्हणजे पडद्यावरचं मोठं करून दाखवणाऱ्या विंडोजमधल्या भिंगाबद्दल, जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजी वाचणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. देवनागरीत काम करणाऱ्याला तो किती उपयोगी पडतो हे कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहितेय. मी पुण्यात घरी बसून मुद्रितशोधन करते. कादंबऱ्या, गौरवग्रंथ, संस्थांचे अहवाल, आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. कागदावरची प्रुफं आता फारशी येत नाहीत. पीडीएफ येते नाहीतर वर्डची फाइल. उजव्या डोळ्याच्या मॅक्युलाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाची, वयानुसार झीज सुरू आहे, डाव्यात मोतीबिंदू धरतोय. डॉक्टर म्हणाल्या, वाचन थांबवू नका, अक्षर मोठं करून वाचा. त्या दिवसापासून अक्षर मोठं करण्याचे संगणकावरचे सगळे मार्ग मी कामाच्या नजरेनं पारखून पाहिले. माझं मत आधीच सांगते: वेगळं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी विंडोजमध्ये फुकट जे आहे ते नीट लावून घ्या. मराठी प्रूफवाचनाचं बहुतेक काम त्यात भागतं.

पडदा मोठा दिसावा यासाठी विंडोजमध्ये तीन वेगवेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली स्केल. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, तिथे स्केलचे टक्के. यानं सगळंच वाढतं: अक्षरं, बटणं, चिन्हं, खिडक्या. दुसरी टेक्स्ट साइझ, अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली. तिथली सरकपट्टी १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत जाते आणि फक्त मजकूर वाढवते: मेनू, फाइलींची नावं, खिडक्यांची शीर्षकं. तिसरा मॅग्निफायर. तो काहीच बदलत नाही, पडद्यावर जे आहे ते भिंगाखाली धरतो.

या तिन्हींऐवजी बहुतेक घरांत चौथीच गोष्ट केलेली दिसते, ती म्हणजे रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, कमी करणं. वडिलांना दिसत नाही म्हणून मुलगा १९२० बाय १०८० चं १२८० बाय ७२० करून जातो. अक्षर मोठं होतं खरं, पण पसरट आणि धूसर. एलसीडी पडद्यावर ठिपके मोजकेच आणि पक्के असतात. त्यांच्यापेक्षा कमी ठिपक्यांचं चित्र दिलं की ते ताणून बसवावं लागतं आणि अक्षराच्या कडा राखाडी होतात. आधीच धूसर बघणाऱ्या डोळ्याला आणखी धूसर अक्षर द्यायचं हे मला पटत नाही. रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं तेच राहू द्या आणि स्केल १५० टक्के करा. त्याच पडद्यावर जागा १२८० बाय ७२० एवढीच उरते, पण अक्षर सगळे ठिपके वापरून रेखलं जातं. फरक पाहायचा असेल तर ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध्य’ असलेला एखादा शब्द दोन्ही प्रकारे बघा.

आता देवनागरीचं. विंडोजच्या मेनूंचा नेहमीचा मजकूर ९ पॉइंटांचा असतो आणि १०० टक्के स्केलला ९ पॉइंट म्हणजे १२ पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे १२ ठिपके. इंग्रजीला तेवढे पुरतात. मराठीत त्याच १२ पिक्सेलांत शिरोरेघ, तिच्या वरची वेलांटी किंवा मात्रा, शेजारी रफार, त्यावर अनुस्वार आणि खाली उकार एवढं सगळं बसवायचं असतं. मग अक्षराच्या धडाच्या वाट्याला जेमतेम निम्मी उंची येते. अनुस्वार म्हणजे उरतो एक पिक्सेल, तोही कधी रफाराला चिकटलेला. इंग्रजी वाचणाऱ्याला जे १२५ टक्क्यांत मिळतं त्यासाठी मराठी वाचणाऱ्याला सरळ १५० वर जावं लागतं, असा माझा अनुभव आहे.

त्यात नव्या लॅपटॉपांनी अक्षर आणखी बारीक केलं. १५.६ इंची जुन्या लॅपटॉपला १३६६ बाय ७६८ ठिपके असत, म्हणजे इंचाला सुमारे १००. त्याच मापाच्या नव्याला १९२० बाय १०८०, म्हणजे इंचाला १४१. १२ पिक्सेलांचा मजकूर जुन्यावर तीन मिलिमीटरांचा, नव्यावर दोनाहून जरासा जास्त. नवा लॅपटॉप घेतल्यावर ‘माझा नंबर वाढला वाटतं’ म्हणणाऱ्यांनी आधी डिस्प्लेच्या पानावर स्केल किती आहे ते बघावं.

स्केल यादीतल्यांपैकीच निवडा: १२५, १५०, १७५. कस्टम स्केलिंगमध्ये १०० ते ५०० मधला कुठलाही आकडा घालता येतो, त्यासाठी साइन आउट करावं लागतं. पण मला त्याची गरज पडली नाही, आणि यादीतल्या आकड्यांवर खिडक्या जास्त नीट बसतात. टेक्स्ट साइझ मी थोडीच वाढवली आहे. फार वाढवली की काही खिडक्यांत बटणांवरचा मजकूर मावत नाही. पीडीएफचं पान तर या पट्टीनं वाढतच नाही, त्यामुळे प्रुफासाठी तिचा उपयोग नाही. फाइलींची नावं वाचायला मात्र चांगली.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो मॅग्निफायर. विंडोजची किल्ली दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की तो उघडतो, आणखी अधिक दाबलं की वाढत जातो, उण्यानं कमी होतो, विंडोज आणि एस्केपनं बंद. १०० टक्क्यांपासून १६०० पर्यंत जातो. एकेका दाबात किती वाढावं तेही ठरवता येतं. मी २५ ठेवलं आहे, कारण १०० च्या उड्या डोळ्याला धक्का देतात. हा काही नवा नाही, १९९८ च्या विंडोज ९८ पासून आहे. तेव्हा नुसती वरची पट्टी होती. पूर्ण पडदा आणि फिरतं भिंग हे प्रकार विंडोज ७ मध्ये, २००९ साली आले. आज तिन्ही आहेत. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून एफ म्हणजे पूर्ण पडदा, एल म्हणजे लेन्स, डी म्हणजे डॉक्ड.

बहुतेक जण पूर्ण पडद्यावरच थांबतात, कारण उघडल्यावर तोच समोर येतो. प्रूफवाचनाला तो मला सर्वांत कमी उपयोगी वाटतो. २०० टक्क्यांवर पानाचा चौथा भागच दिसतो. ओळ वाचत उजवीकडे जायचं, पुढची ओळ धरायला डावीकडे यायचं, आणि येताना ओळ चुकते. माउस हलला की सगळं जग हलतं, तासाभरात भोवळ यायला लागते. माउसचा बाण मध्यावर ठेवण्याऐवजी कडेला पोचल्यावरच पडदा सरकेल असं सेटिंग केलं की हलणं बरंच कमी होतं. पूर्ण पडदा वापरणाऱ्यांनी हा बदल पहिल्यांदा करावा. कंट्रोल, ऑल्ट आणि स्पेस दाबलं तर क्षणभर सगळा पडदा दिसतो आणि आपण त्यात कुठे आहोत तेही कळतं. सोय चांगली आहे, पण दर परिच्छेदाला ती वापरावी लागते यातच या प्रकाराची मर्यादा आली.

डॉक्ड व्ह्यू मात्र मुद्रितशोधकासाठीच केल्यासारखा आहे. पडद्याच्या वरच्या भागात एक रुंद पट्टी उघडते, तिच्यात मोठं केलेलं दिसतं, आणि खाली पान जसंच्या तसं राहतं. पट्टीची कड माउसनं ओढून उंची ठरवता येते. माझी पट्टी दोन-तीन ओळी मावतील एवढी आहे. खालच्या पानावर ओळीखालून माउस सरकवत न्यायचा आणि वर वाचायचं. डावा डोळा खालच्या पानावर परिच्छेद, मथळे, ओळींची लांबी धरून ठेवतो आणि अक्षराची शहानिशा वर होते. ओळ चुकत नाही, कारण ती खाली आपल्या जागीच असते. वर्डमध्ये टंकत असाल तर मॅग्निफायरला टेक्स्ट कर्सरच्या मागे जायला सांगता येतं, मग माउसला हातही लावावा लागत नाही.

याचा कस लागतो तो गौरवग्रंथांत. ‘त्यांचे’मधला अनुस्वार गळला की ‘त्याचे’ होतं आणि ऐंशी वर्षांच्या सत्कारमूर्तीचा एकेरी उल्लेख छापला जातो. संगणकाचं शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर इथे गप्प बसतं, दोन्ही शब्द बरोबरच आहेत. तसंच ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिल्यात रफार आणि अनुस्वार एकाच ‘या’च्या डोक्यावर दाटीनं बसलेले, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’ आडवा पडलेला. १०० टक्क्यांवर माझ्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पट्टीत २५० वर मात्र अगदी स्वच्छ कळतं की सत्कार विद्वानांचा चाललाय की स्वयंपाक्यांचा. ‘घार’ आणि ‘धार’ यांतला फरक म्हणजे शिरोरेघेतली एक फट. ‘भात’ आणि ‘मात’ यांतला फरक म्हणजे एक गाठ. संदर्भानं वाचणारा माणूस या चुका ओलांडून पुढे जातो, आणि मुद्रितशोधकाला तर संदर्भावर विसंबून वाचायची मुभाच नाही. अक्षर दिसलंच पाहिजे.

लेन्स म्हणजे माउसबरोबर फिरणारा चौकोन. सलग वाचायला निरुपयोगी, कारण आजूबाजूचा मजकूर त्याखाली झाकला जातो. पण तळटिपेतला आकडा, नकाशावरचं गावाचं नाव किंवा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातला आयएसबीएन तपासायला छान. कंट्रोल, ऑल्ट आणि आर दाबून माउसनं त्याचा आकार बदलता येतो. मी तो आडवा आणि बुटका ठेवते.

एक गोष्ट समजून घेतली तर मॅग्निफायरकडून भलती अपेक्षा राहणार नाही. तो पडद्यावर आधीच रेखलेलं चित्र ताणतो, अक्षर नव्यानं रेखत नाही. याउलट पीडीएफमध्येच झूम वाढवलं की प्रत्येक अक्षर फॉन्टच्या बाह्यरेषेवरून पुन्हा काढलं जातं आणि कडा धारदार राहतात. म्हणून आधी पीडीएफ १२५ किंवा १५० वर न्यायची, ओळीची पूर्ण लांबी पडद्यात मावेल एवढीच, आणि उरलेली वाढ मॅग्निफायरवर सोपवायची. नुसत्या मॅग्निफायरनं ४०० गाठण्यापेक्षा दोन्ही मिळून ३०० केव्हाही बरं. कडा गुळगुळीत करण्याचा पर्याय मॅग्निफायरच्या सेटिंग्जमध्ये आहे, तो चालू ठेवा; नाहीतर मोठ्या आकारात अक्षराच्या पायऱ्या दिसतात आणि बारीक ऱ्हस्व वेलांटी ओळखू येत नाही. जुन्या पुस्तकाचं पान स्कॅन करून आलं असेल तर मात्र ते मुळातच चित्र असतं, मग कुठूनही मोठं करा, फरक नाही. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकनं पान वाढतं, क्रोममध्ये ५०० टक्क्यांपर्यंत, आणि मजकूर नव्यानं रेखला जातो. वेबसाइटवरचं प्रूफ असेल तर मॅग्निफायर लागतच नाही.

वर्ड वापरणाऱ्यांसाठी एक अडचण सांगायलाच हवी. कंट्रोल, ऑल्ट, एम ही वर्डमध्ये टिप्पणी घालायची किल्ली आणि मॅग्निफायरमध्ये प्रकार बदलायची. एफ आणि डी यांचंही तसंच, वर्डमध्ये तळटीप आणि अंत्यटीप. मॅग्निफायर चालू असताना त्या किल्ल्या तोच घेतो. दिवसातून शंभर टिप्पण्या टाकणाऱ्याला हे जाचक आहे. मी टिप्पणी रिव्ह्यूच्या पट्टीतून टाकते. मॅग्निफायरच्या या किल्ल्या आपल्याला बदलून घेता आल्या असत्या तर फार बरं झालं असतं, आणि माझ्या अभिप्रायात गुण कापले जातात ते इथे.

रंग उलटे करायची सोय आहे: कंट्रोल, ऑल्ट, आय. काळ्यावर पांढरं. मोतीबिंदूमुळे पांढऱ्या पानाची तिरीप येते त्यांनी हे जरूर करून पाहावं. संध्याकाळी मला याचा फार आराम वाटतो. फोटो असलेल्या पानावर मात्र माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसतात, तेवढ्यापुरतं पुन्हा सुलटं करावं लागतं.

जुनी सॉफ्टवेअरं हा पुण्याच्या छपाईच्या धंद्यातला खरा प्रश्न. कितीतरी ठिकाणी पानं अजून वीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरवर, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत जुळवली जातात. ही सॉफ्टवेअरं लिहिली गेली तेव्हा पडदा ९६ डीपीआयचाच, म्हणजे इंचाला ९६ ठिपक्यांचाच, असतो असं धरून चालत. स्केल १५० केलं की विंडोज त्यांची अख्खी खिडकी चित्रासारखी ताणतं आणि ती धुरकट दिसते. उपाय आहे. सॉफ्टवेअरच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे ओव्हरराइडच्या चौकोनात टिक करून यादीतलं ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडून पाहा. काही सॉफ्टवेअरांत मेनूची अक्षरं लगेच लख्ख होतात, काहींत खिडकीची मांडणी विस्कटते. विस्कटली तर ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडा, म्हणजे सगळं धारदार पण मूळच्या बारीक आकारात दिसेल, आणि मग वर डॉक्ड पट्टी उघडा. माझ्या ओळखीचे एक पानजुळणी करणारे गृहस्थ आता असंच काम करतात. त्यांना मी फोनवर पायऱ्या सांगितल्या, आणि त्यांनी पुढे आणखी दोघांना सांगितल्या.

बाण सापडत नाही ही तक्रार असेल तर माउस पॉइंटरचा आकार १ ते १५ पर्यंत वाढवता येतो आणि रंगही देता येतो. टेक्स्ट कर्सर इंडिकेटर चालू केला की टंकायच्या जागेच्या वर-खाली रंगीत ठिपके येतात. मॅक्युलाचा त्रास असलेल्यांना या दोन गोष्टी अक्षर मोठं करण्याइतक्याच महत्त्वाच्या, कारण नेमकं जिथे बघायचं तिथेच आम्हाला धूसर दिसतं.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. भाचीच्या मॅकवर कंट्रोल दाबून स्क्रोल केलं की पडदा मोठा होतो, आधी अ‍ॅक्सेसिबिलिटीत चालू करावं लागतं. हालचाल विंडोजपेक्षा मऊ आहे. २०१९ पासून तिथे होव्हर टेक्स्टही आहे: कमांड दाबून बाण मजकुरावर नेला की तेवढा मजकूर मोठ्या अक्षरांत वेगळ्या चौकोनात येतो. अशी काही सोय विंडोजमध्ये हवी होती. तरी केवळ त्यासाठी यंत्र बदलावं असं मी म्हणणार नाही.

ऐकून प्रूफ तपासण्याबद्दलही विचारणा होते. एज ब्राउझरच्या रीड अलाउडमध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, उच्चार चांगले आहेत. गळलेला शब्द, दोनदा आलेली ओळ, अर्धवट वाक्य हे कानाला झटकन कळतं, आणि डोळ्यालाही विसावा मिळतो. पण शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ सारखेच ऐकू येतात. त्यामुळे शेवटचं वाचन डोळ्यानंच. मी पहिलं वाचन कानानं आणि दुसरं पट्टीत करते.

पैसे खर्चायचेच असतील तर ते मॉनिटरवर खर्चा. मोठा मॉनिटर म्हणून २७ इंची पण १९२० बाय १०८० चा घेतात. अक्षर मोठं दिसतं, पण इंचाला ठिपके ८२ च पडतात आणि अनुस्वाराचा चौकोनी ठोकळा होतो. तेवढाच २७ इंची, पण ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा घेऊन स्केल २०० टक्के ठेवलं तर अक्षराचा आकार अगदी तोच राहतो आणि ते चौपट ठिपक्यांनी रेखलं जातं. जोडाक्षरांच्या भाषेला हा फरक रोज जाणवतो. दुकानात मॉनिटर बघायला जाताना पेन ड्राइव्हवर आपल्याच कामातली एखादी मराठी पीडीएफ न्या. दुकानदार दाखवतो ते निसर्गाचे व्हिडिओ बघून अक्षराबद्दल काहीच कळत नाही.

काचबिंदूमुळे ज्यांची नजर कडेनं आवळत आली आहे त्यांना मात्र हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. फार मोठं केलं की त्यांच्या उरलेल्या नजरेत एक-दोनच अक्षरं मावतात आणि वाचन उलट मंदावतं. त्यांनी वाढ माफक ठेवून काळा-पांढरा फरक वाढवून पाहावा, आणि त्याआधी एखाद्या लो-व्हिजन क्लिनिकमध्ये जाऊन किती पटीची वाढ आपल्याला मानवते ते मोजून घ्यावं. चष्म्याचंही तिथेच विचारा. वाचायच्या चष्म्याचं अंतर सुमारे ४० सेंटिमीटर असतं, मॉनिटर त्याहून लांब. त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतल्यावर माझं मॅग्निफायरचं माप ३०० वरून २५० वर आलं आणि पट्टीत एक ओळ जास्त मावायला लागली.